गेलेल्यांच्या नावाचे दान

जांब समर्थ हे रामदासस्वामींचे जन्मगाव. इ.स. १६०८ साली रामनवमीस ते येथे जन्मले. या बाजूच्या गावोगावी हरिनाम सप्ताह बसतात, आणि पंगतीच्या वेळी एक शब्द कानी पडतोच : 'स्मरणार्थ'. आजची पंगत आईच्या स्मरणार्थ, उद्याची आजोबांच्या. खेड्यातील भजनी मंडळ, अन्नछत्र, लहानसे वाचनालय यांचा संसार अशा दानावरच चालतो.

वारकरी बंधुभगिनींनो, गेलेल्याच्या नावाने दिलेले दान पोचते तरी कुणाला?

आपल्याच गोदाकाठी, पैठणास, नाथमहाराजांनी याचे उत्तर दिले आहे. वाडवडिलांच्या श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. त्याचा वास घेत दारावरून जाणाऱ्या, अस्पृश्य मानलेल्या भुकेल्या कुटुंबास नाथांनी तेच अन्न वाढले. ब्राह्मण रुसले, पण पितर स्वतः येऊन जेवून गेले, अशी कथा आहे. म्हणजे पितरांची वाट भुकेल्याच्या पोटातूनच जाते!

पण दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. समजा, कुणा सज्जनाने पूर्वी पाचशे रुपये देवळात कायम ठेव म्हणून दिले आणि लिहून ठेवले : 'व्याजातून दरसाल वडिलांच्या तिथीस पंगत घालावी.' शेकडा सात व्याज धरले तर वर्षाचे पस्तीस रुपये. आज त्यात एका माणसाचे पोटभर जेवण होणे कठीण. मग पंचांनी काय करावे? पंगत बंद केली तर मेलेल्याचा शब्द मोडला. चालू ठेवली तर जिवंतांच्या ताटातले काढावे लागते. भाव खोटा नव्हता, पंचही खोटे नाहीत. देणाऱ्याने पुढच्या काळाचा हात बांधून ठेवला, एवढेच झाले.

गाडगेबाबांनी तसे केले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी लोकांच्या पैशातून उभी केली, यात्रेकरूंकरिता. पुढे १९४९ साली ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. गरज मुलांच्या शिक्षणाची दिसली, वास्तू तिकडे गेली. यात्रेकरूंच्या नावाने मागितलेले शिक्षणाला का, असे कुणी विचारीलही. आम्ही म्हणू, देणाऱ्यांचा हेतू गरिबाला आसरा मिळावा हाच होता, आणि तो पुरा झाला.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. मृत्युपत्र करावयाचे तर हातीपायी धड असताना करावे. १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. दान एखाद्या माणसाच्या हाती न देता नोंदलेल्या संस्थेस द्यावे. तिचे नाव व नोंदणी क्रमांक नीट लिहावा. बायको-लेकरांना उघड्यावर टाकून मात्र काही देऊ नये. ते दान विठ्ठलालाही रुचणार नाही. घरच्यांना आधीच सांगावे, म्हणजे मागे भांडण राहत नाही. आणि शेवटी एक ओळ घालावी : 'ही इच्छा पुरी होणे शक्य नसेल, तर गावाला ज्याची गरज असेल त्या कामी लावावे.'

राहता राहिली नावाची पाटी. ती लावू नका असे आम्ही म्हणत नाही. लेकराला बापाचे नाव वाचून बरे वाटते. पण नामदेवरायांनी महाद्वारी पायरीची जागा मागितली, संतांचे पाय लागावेत म्हणून. पाटी लावताना तेवढे आठवावे, म्हणजे झाले.

रामकृष्णहरि!