पाणी भरण्याआधी

उन्हाळा लागला की नागपूरच्या धंतोलीतल्या जुन्या बंगल्यांच्या आणि नव्या फ्लॅटच्या खिडक्यांना कूलर लागतात. गच्चीवर नाहीतर जिन्याखाली पडून राहिलेला पत्र्याचा डबा पुसायचा, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, छोटा पंप टाकीत सोडायचा, उंदरांनी कुरतडलेली वायर टेप गुंडाळून जोडायची. एवढ्यासाठी मेकॅनिकला कुणी बोलावत नाही, घरातलंच कुणीतरी ते उरकतं. म्हणून ‘विजेच्या वस्तूंना सामान्य माणसाने हात लावू नये’ हा सल्ला मला नागपुरात निरुपयोगी वाटतो. हात लागलेलाच आहे. तो समजून लागतो की अंदाजाने, यावर सगळं अवलंबून आहे. हौसेने सोल्डरिंग करणाऱ्या, मल्टिमीटर बाळगणाऱ्या माणसाची मोजून पाहण्याची सवय प्रत्येक घरात पोचायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या विदर्भात उन्हाळ्यात येतात. त्यामागचं कारण गूढ नाही. पंपाच्या वायंडिंगवरचं आवरण जुनं होतं, टाकीत ओल असतेच, आणि वीज लोखंडी बॉडीत उतरते. प्लगची तिसरी पिन खरोखर जमिनीशी जोडलेली असेल, तर मोठा प्रवाह त्या वाटेने जाऊन एमसीबी पडण्याची शक्यता असते. पण दोन पिनांचा प्लग लावला असेल किंवा अर्थिंगची वायर बोर्डामागे नुसतीच लोंबत असेल, तर बॉडीतली वीज कुणाच्या तरी ओल्या हाताची वाट पाहत थांबते. माणसाच्या छातीतून काही क्षण वाहिलेला 30 मिलीॲम्पियरच्या आसपासचा प्रवाहही जिवावर बेतू शकतो. 6 ॲम्पियरचा एमसीबी त्याच्या दोनशेपट प्रवाहासाठी बनवलेला असतो, त्यामुळे त्याला याची खबरही लागत नाही. 30 मिलीॲम्पियरचा आरसीसीबी मात्र ही गळती ओळखून निमिषात वीज तोडतो. इतका साधा फरक किती सुशिक्षित घरांत ठाऊक असतो?

यावर आक्षेप असा की अर्धवट ज्ञान अज्ञानापेक्षा घातक. आक्षेप खरा आहे, आणि हौशी मंडळींनी तो मनावर घेतला पाहिजे. मायक्रोवेव्हच्या आतला कपॅसिटर सुमारे दोन हजार व्होल्टचा असतो आणि प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. त्याच्या वाटेला घरी जाऊच नये. मल्टिमीटरलाही मर्यादा आहे. त्याच्या छोट्या बॅटरीवर ठीक दिसणारं आवरण 230 व्होल्टला दगा देऊ शकतं, म्हणून पक्की खात्री आवरण तपासणाऱ्या 500 व्होल्टच्या मेगरनेच होते. पण कुठे थांबायचं हे तोच ओळखतो, ज्याला मोजणं म्हणजे काय ते कळतं. निऑन टेस्टर पेटला नाही म्हणून निर्धास्त होणारा माणूस जास्त धोक्यात असतो.

मेकॅनिकच्या पोटावर पाय येईल ही भीतीही मला पटत नाही. कूलरचा पंखा नुसता घूं-घूं करतो आणि हाताने ढकलल्यावर फिरतो, तेव्हा बहुधा कंडेन्सर, म्हणजे कपॅसिटर, गेलेला असतो. सीताबर्डीच्या बाजारात तो थोडक्या पैशांत मिळतो. मोटारीवर लिहिलेल्या मूल्याचाच घ्यायचा आणि जुन्याची टोकं आधी डिस्चार्ज करायची, एवढं पथ्य पाळलं की काम होतं. रिवाइंडिंग, बेअरिंग, कॉम्प्रेसर ही कसबाची कामं त्याच्याकडेच राहतात. खरी अडचण वेगळीच आहे: सुटे भाग आणि सर्किटचे नकाशे कंपन्या सहजी देत नाहीत. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, ते चांगलंच झालं. पण हक्क वापरायला उपकरण उघडायची हिंमत लागते, आणि ती शाळेत पुस्तकातला ओहमचा नियम पाठ करून येत नाही. आठवी-नववीच्या मुलांच्या हाती एक बंद पडलेला एलईडी बल्ब द्या. आतल्या एलईडींच्या माळेतला एकच दिवा जळल्याने सगळा बल्ब कसा विझला, किंवा उष्णतेने ड्रायव्हरमधला कपॅसिटर कसा फुगला, हे त्यांना स्वतः शोधू द्या. अशा कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश तापमानवाढीला साधारण निम्म्याने घटतं. पारा 45 अंशांपुढे जाणाऱ्या शहरात यापेक्षा जवळचा धडा कोणता?

यंदा कूलर बाहेर काढाल तेव्हा टाकीत पाणी भरण्याआधी प्लग काढलेला ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॉडीला आणि दुसरं प्लगच्या दोन्ही वीजपिनांना आळीपाळीने लावून पाहा. रोध काही किलोओहमच दिसला, तर तो कूलर चालवू नका. रोध भरपूर दिसला तरी तिसरी पिन आणि बोर्डातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, घरात आरसीसीबी बसवून घ्या, आणि पाणी भरताना प्लग काढलेलाच असू द्या.