विश्वासाचा वारसा

वकील मरण पावला म्हणजे त्याजवर ठेवलेला विश्वास कोठें जातो? प्रश्न चमत्कारिक वाटेल. पण गेल्या उन्हाळ्यांत तो एका पत्र्याच्या पेटीच्या रूपानें आमच्यापुढें येऊन उभा राहिला, आणि अद्यापि त्यानें आमचा पिच्छा सोडलेला नाहीं.

छत्रपति संभाजीनगर शहरांत (आमच्या पिढीच्या जिभेवर अजून औरंगाबाद हेंच नांव आधीं येतें) गुलमंडीच्या बाजूस आमच्या एका स्नेह्यांचें जुनें घर होतें. त्यांचे आजोबा निजामी अमदानींत वकिली करीत, वडीलही वकीलच. स्नेही मात्र वैद्यकाकडे वळले, आणि वडिलांच्या मागें वकिलीची गादी रिकामी पडली. घर विकावयाचें ठरलें तेव्हां माळ्यावरील पेटी खालीं आली. आंत लाल फडक्यांत बांधलेले बस्ते. बहुतेक कागद उर्दू, कारण १९४८ च्या सप्टेंबरांत निजामी सत्ता संपली तोंवर येथील कचेऱ्यांची भाषा तीच होती, कांहीं मोडी. आणि सर्वांच्या तळाशीं लाखेची मोहोर केलेला एक लिफाफा. वर पक्षकाराचें नांव, व खालीं आजोबांच्या हातचे तीन शब्द: ‘मागेल तेव्हां द्यावा.’

मागणारा केव्हांच वारला. त्याच्या नातवांचीं दोन घरें याच शहरांत आहेत, आणि त्यांच्यांत वाटणीचा दावा चालूं आहे. लिफाफा कोणाच्या हातीं द्यावा? उघडावा? कीं जाळून टाकावा?

हाच प्रसंग इंग्लंडांतील एखाद्या जिल्ह्याच्या गांवीं घडता, तर डॉक्टरांवर ही पाळी बहुधा आलीच नसती. तेथें सॉलिसिटरांच्या कांहीं पेढ्या शंभर शंभर, दोनदोनशें वर्षें चालत आलेल्या आहेत. पाटीवर ज्यांचीं नांवें, ते मातींत मिसळून गेलेले. पण आजोबांचें मृत्युपत्र ज्या कपाटांत, त्याच कपाटांत नातवाचें खरेदीखत. त्या झाडाचें रोप आपल्याकडे मुंबईंत लागलें. क्रॉफर्ड बेली ही पेढी १८३० ची, लिट्ल अँड कंपनी १८५६ ची. म्हणजे दोन्ही १८६२ सालीं सुरू झालेल्या हायकोर्टाहून वयानें वडील. मराठवाड्यांत हायकोर्टाचें खंडपीठच आलें तें १९८१ सालीं. आमच्या गांवची वकिली बापाकडून लेकाकडे जाते, आणि लेक डॉक्टर निघाला कीं बस्ते माळ्यावर जातात.

मग पेढी अमर, आणि माणूस तेवढा मर्त्य, असें म्हणावें काय? कायदा तसें म्हणत नाहीं. १९३२ च्या भागीदारीच्या कायद्याप्रमाणें, उलट करार नसेल तर, एका भागीदाराच्या मृत्यूनें पेढी मोडते. जिला आपण दीडशें वर्षांची म्हणतों ती वस्तुतः दर पिढीस नव्यानें दिलेल्या वचनावर उभी असते. खरी अमर व्यक्ति पाहावयाची तर ती आमच्या देवळांत आहे: मूर्तीस कायद्यानें व्यक्तित्व आहे, हें प्रिव्ही कौन्सिलनें १९२५ सालीं एका बंगाली कुटुंबाच्या दाव्यांत मान्य केलें. पुजारी बदलतात, मालक बदलत नाहीं.

पण देव कोणाचें गुपित राखावयास कपाट ठेवीत नाहीं. तें काम माणसाचेंच, आणि माणसाच्या वारशाविषयीं आमच्या धर्मशास्त्रानें पुष्कळ विचार केलेला आहे. मिताक्षरा ज्या कल्याणींत लिहिली गेली ती जागा आमच्यापासून फार दूर नाहीं. मुलास जन्मतःच वडिलार्जित इस्टेटींत हक्क मिळतो, आणि बापाचें कर्जही त्यानें फेडावें, असें त्या परंपरेनें सांगितलें. २००५ च्या दुरुस्तीनें नव्या कर्जापुरतें तें बंधन कायद्यांतून गेलें; मनांतून गेलें असें आम्हांस वाटत नाहीं. पैशाचें ऋण जर उतरावयाचें, तर मौनाचें ऋण कां नको?

येथें कायद्याकडे पाहिलें तर तो अर्ध्या वाटेवर थांबतो. पक्षकारानें सांगितलेली गोष्ट वकिलानें काम संपल्यावरही फोडूं नये, हा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतील नियम २०२३ च्या नव्या अधिनियमांतही कायम आहे. दुभाषी व कारकून यांनाही तो लागू आहे. नातवाचा उल्लेख मात्र कोठें नाहीं. कारण उघड आहे. पक्षकारानें विश्वास टाकला तो आजोबांच्या व्यवसायावर, त्यांच्या रक्तावर नव्हे. डॉक्टरांच्या वांट्यास पेटी आली, विश्वास आला नाहीं, असें एखादा तर्कपटु म्हणेल. आणि आम्हीही प्रथम तसेंच म्हटलें.

पण म्हणतांच तें पटेनासें झालें. ठेव ज्याच्या हातीं आली तो ठेवीदारानें न निवडलेला असला तरी राखणदार होतोच. शिवाय राखणें म्हणजे काय, हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’ मधील टल्किंगहॉर्न हा वकील थोरामोठ्यांचीं गुपितें जन्मभर राखतो, आणि त्या राखण्यांतच त्याची सत्ता असते. त्याचें मौन कोणावरही उपकार म्हणून नसतें. बंद लिफाफा बाळगणाऱ्याच्या हातीं थोडीशी सत्ता नकळत येतेच, मग तो कितीही सज्जन असो. म्हणून आम्हीं सल्ला दिला कीं, लिफाफा न उघडतां, दोन्ही पक्षांच्या वकिलांस एकाच वेळीं कळवून, ज्या न्यायालयांत दावा आहे तेथें हजर करावा.

डॉक्टरांनीं शांतपणें ऐकून घेतलें, आणि मग विचारिलें, “पण त्याला तो नातवांच्या हातीं पडूं द्यावयाचाच नसेल तर? ‘मागेल तेव्हां’ असें लिहिलें आहे. त्यानें तर मागितला नाहीं.”

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. मरणाऱ्यानें मागितला नाहीं याचा अर्थ तो विसरला, कीं न मागण्यांतच त्याची इच्छा होती, हें लिफाफा उघडल्यावांचून कळण्याजोगें नाहीं. आणि उघडल्यावरही कळेलच असें नाहीं.

घर विकलें गेलें. बस्ते डॉक्टरांनीं एका उर्दू जाणणाऱ्या अभ्यासकास दाखवावयाचे ठरविले आहेत, तेही पक्षकारांचीं नांवें झांकून. लिफाफा तूर्त त्यांच्या दवाखान्यांत, औषधांच्या कपाटाच्या वरच्या खणांत आहे. दाव्याची पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.