विचारले जाण्याचा हक्क

वृद्धांच्या एकटेपणाची चर्चा मराठीत बहुधा रिकाम्या घरापासून सुरू होते. मुले पुण्याला किंवा परदेशात, घरात दोन म्हातारी माणसे, पुढे त्यांतलेही एकच उरलेले, असे ते चित्र असते आणि जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ या नाटकाने ते मराठी मनात पक्के रुजवले आहे. परंतु एकटेपणाचा आणखी एक प्रकार असा आहे की जो माणसांनी भरलेल्या वास्तूत, वेळेवर वाढल्या जाणाऱ्या पंगतीत आणि हाताच्या अंतरावर दुसरी खाट असलेल्या खोलीत वाढतो, आणि बाहेरून तो दिसत नसल्यामुळे त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. वृद्धाश्रमात राहणाऱ्या माणसाच्या दिवसाचा विचार करताना नीतिदृष्ट्या अधिक अवघड प्रश्न हाच आहे, कारण येथे कोणी उपाशी नसते, कोणी उघड्यावर नसते, आणि तरीही काहीतरी हिरावले गेलेले असते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी 1973 मध्ये एकाकीपणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. जोडीदारासारखे अगदी जवळचे माणूस नसणे हे भावनिक एकाकीपण होय. आणि ज्या वर्तुळात आपल्याला काही स्थान आहे, आपल्याकडून काही अपेक्षा केली जाते, असे वर्तुळच नसणे हे सामाजिक एकाकीपण होय. एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, हे त्यांच्या मांडणीचे मर्म आहे. रोज सायंकाळी मुलाचा फोन येत असला तरी ज्याला दिवसभरात कोणी काही विचारत नाही त्याचे सामाजिक एकाकीपण त्या फोनने भरून निघत नाही, ही गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही आणि मग नियमित फोन करूनही आई-वडील उदास का, याचे कोडे त्यांना पडते.

भंडारा जिल्ह्यापुरते बोलायचे तर हे स्थान म्हणजे काय, हे फार ठोसपणे सांगता येते. जिल्ह्यातील पाचांपैकी सुमारे चार माणसे खेड्यांत राहतात आणि तेथील बहुतेक घरांचे वर्ष धानाच्या भोवती फिरते. कोणत्या बांधीत पाणी आधी साचते, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, केव्हा उपटायला येतील, रोवणीला यंदा कोणाच्या घरची माणसे सांगायची, बोडीचे, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्याचे, पाणी केव्हा सोडायचे, या गोष्टी घरातील म्हाताऱ्या माणसाला विचारल्या जात. मामा तलावांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे होते. मालगुजारीच्या काळात, म्हणजे गावाचा सारा वसूल करण्याचा हक्क मालगुजाराकडे होता त्या काळात, बांधले गेलेले हे तलाव पूर्व विदर्भात सर्वत्र आहेत आणि त्यांच्या पाण्याची पाळी कशी लावायची, याची स्मृती कागदापेक्षा म्हाताऱ्यांच्या डोक्यात अधिक होती. म्हातारीचे कामही तितकेच निश्चित असे. मोहफुले वेचून आणणे आणि वाळवणे, लाखोळीची डाळ निवडणे, अंगणात वाळत घातलेल्या धानावर लक्ष ठेवणे, सांदवाडीतील, म्हणजे परसातील, वेलांना पाणी घालणे, नातवंडांना झोपवणे, बाळंतिणीला काय द्यावे हे सांगणे. यांतील एकही काम बाजारात मोठ्या किमतीचे नाही, परंतु प्रत्येक कामामुळे घरातील कोणाला तरी दिवसातून अनेकदा त्या माणसाकडे वळावे लागे, आणि त्या वळण्यातच त्याची प्रतिष्ठा साठवलेली होती.

वृद्धाश्रमात, मग तो भंडाऱ्याला असो, नागपूरला असो किंवा आणखी दूर, हे वळणे थांबते. पहाटे उठणे, आंघोळीच्या गरम पाण्यासाठी पाळी, चहा, प्रार्थना, नाश्ता, औषधे, लवकरचे जेवण आणि त्यानंतर एक अतिशय लांब दुपार. मग पुन्हा चहा, अंगणात थोडे फिरणे, दूरचित्रवाणी, दिवेलागणीनंतर लगेच जेवण आणि शहर अजून जागे असतानाच झोप, अशी दिनचर्या थोड्याफार फरकाने पुष्कळ आश्रमांत आढळते. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने 1961 च्या ‘असायलम्स’ या ग्रंथात ‘सर्वंकष संस्था’ ही संकल्पना मांडली. झोप, काम आणि विरंगुळा या माणसाच्या जीवनातील तीन गोष्टी एरवी तीन ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांबरोबर घडतात. त्या तिन्ही जेथे एकाच छपराखाली, एकाच व्यवस्थेच्या हाताखाली, त्याच त्या सोबत्यांसह आणि ठरलेल्या वेळापत्रकाने घडतात, ती सर्वंकष संस्था. गॉफमन यांनी वृद्धांच्या आश्रमांचाही समावेश या वर्गात केला होता. तेथे राहणाऱ्याचे काय हरवते, तर आपला दिवस आपण ठरवण्याची सवय, आणि ती एकदा गेली की माणूस आज्ञाधारक होतो, शांत होतो आणि व्यवस्थापनाच्या दृष्टीने अगदी समाधानी दिसू लागतो. या शांततेला समाधान समजणे ही वृद्धाश्रमाच्या बाबतीत होणारी सर्वांत गंभीर चूक आहे.

कायद्याची रचनाही या चुकीला पूरक आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम 2007 मध्ये झाला. साठ वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकाला तो ज्येष्ठ मानतो, उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे निर्वाहासाठी अर्ज करण्याची सोय देतो आणि दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह मंजूर होऊ शकेल असे म्हणतो. ज्येष्ठाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा त्यात आहेत. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, 150 निराधार ज्येष्ठांना सामावून घेणारा वृद्धाश्रम राज्य शासनाने टप्प्याटप्प्याने उभारावा, अशी कल्पनाही या अधिनियमात आहे. मात्र त्यातील भाषा बंधनाची नसून मुभेची आहे. महाराष्ट्राने त्याआधीच, 1995 मध्ये, मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली होती. हे सर्व आवश्यक होते आणि आहे. परंतु या कायद्यात निर्वाहाची व्याख्या अन्न, वस्त्र, निवारा आणि वैद्यकीय उपचार या चार गोष्टींभोवती फिरते. 2019 मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात ‘सन्मानाने जीवन जगणे’ हा आशय त्या व्याख्येत आणण्याचा प्रयत्न होता; ते विधेयक कायद्यात उतरण्यापूर्वीच लोकसभेची मुदत संपून बाद झाले. अर्थात सन्मान हा शब्द कायद्यात आला असता तरी तो तपासण्याचे माप कोणत्या निरीक्षकाकडे असते, हा प्रश्न उरतोच, कारण खाटा मोजता येतात, जेवणाचा दर्जा पाहता येतो, पण या माणसाला गेल्या आठवड्यात कोणी कशाबद्दल सल्ला विचारला होता काय, हा रकाना कोणत्याही तपासणी-अर्जात नसतो.

शासन म्हाताऱ्या माणसाला एक प्रश्न मात्र दरवर्षी नेमाने विचारते. निवृत्तिवेतन घेणाऱ्याला नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण जिवंत असल्याचे सिद्ध करावे लागते. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून किंवा तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींतून निवृत्त झालेल्या, आयुष्यभर यंत्रावर किंवा खाणीत नेमके काम केलेल्या माणसाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. त्याच्याकडून हवी असते ती केवळ बोटाची किंवा डोळ्याची खूण. पैशाच्या व्यवहारात ही तपासणी योग्यच आहे. समाजाचाही म्हाताऱ्याशी असलेला संबंध जर एवढ्यावरच आला असेल, तर ते मात्र नीतीला धरून नाही.

माणसाला लहानशा बाबतीतही निर्णय सोपवला तर काय होते, याचा एक प्रसिद्ध प्रयोग मानसशास्त्रात झालेला आहे. एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील एका शुश्रूषागृहात एका मजल्यावरील वृद्धांना सांगण्यात आले की आपली खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा हे तुम्ही ठरवा, आणि प्रत्येकाला एक रोपटे सांभाळायला देण्यात आले. दुसऱ्या मजल्यावरील वृद्धांनाही रोपटी मिळाली, परंतु त्यांची निगा परिचारिका घेतील आणि तुमची सर्व काळजी आम्ही वाहू, असे त्यांना सांगितले गेले. काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरील माणसे अधिक उत्साही, अधिक बोलकी आणि अधिक सावध असल्याचे आढळले. एकाच प्रयोगावर फार मोठी इमारत उभी करू नये हे खरे, परंतु दोन्ही मजल्यांवर माया होती, दोन्हीकडे रोपे होती आणि फरक एवढाच होता की एका ठिकाणी ते रोप माणसाच्या स्वाधीन होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. अतिशय प्रेमाने चालवलेला आश्रमही माणसाच्या हातातले सगळेच काम काढून घेऊन त्याला रिकामा करू शकतो.

आश्रम चालवणाऱ्यांवर येथे दोषारोप करण्याचा हेतू नाही. अपुरे अनुदान, मोजके कर्मचारी आणि अंथरुणाला खिळलेली माणसे यांच्यामध्ये दिवस पार पाडणे हेच पुष्कळदा मोठे काम असते. मुलांनाही सरसकट निष्ठुर ठरवणे अन्यायाचे आहे. लहान धारणक्षेत्र, पावसावर अवलंबून असलेले एक मुख्य पीक आणि त्यामुळे नागपूरपासून पुढे दूरवर जाणारी तरुण माणसे, ही या जिल्ह्याची वस्तुस्थिती आहे. आणि घरात राहिलेल्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा आजवर कोणी केली, तर ती बहुतांशी सुनांनी, मोबदल्याशिवाय आणि पुष्कळदा कौतुकाशिवाय केली. पूर्वीच्या एकत्र घराचे गुणगान करणाऱ्यांनी त्या बायकांच्या श्रमाचा हिशेबही मांडायला हवा. शिवाय घरात अपमान सहन करणाऱ्या म्हातारीला आश्रमाची खाट ही सुटका वाटू शकते, आणि तिला तसे वाटण्याचा पूर्ण अधिकार आहे. म्हणून वृद्धाश्रम असावा की नसावा, हा वाद येथे गैरलागू आहे.

प्रश्न आहे तो गावाचा. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणामुळे या जिल्ह्यातील अनेक गावे उठली आणि त्यांच्या पुनर्वसनातील उणिवांबद्दल वर्षानुवर्षे आंदोलने झाली. परंतु तेथे निदान तत्त्व म्हणून हे मान्य होते की गाव उठले तर नवे गावठाण द्यावे लागते, अठरा नागरी सुविधा द्याव्या लागतात, देवळाचा आणि स्मशानाचाही विचार करावा लागतो, कारण गाव म्हणजे केवळ घरे नव्हेत. एकटा म्हातारा वृद्धाश्रमात जातो तेव्हा त्याच्यापुरते सगळे गावच उठलेले असते, पण त्याचे पुनर्वसन म्हणजे एक खाट आणि एक कपाट एवढेच आहे, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. गावही त्याला सोडून देते. लग्नाची पत्रिका मुलाच्या घरी जाते, आश्रमात येत नाही. तेरवीची बातमी उशिरा कळते. ग्रामसभेत त्याची आठवण निघत नाही.

मार्च 2020 नंतर टाळेबंदीत आश्रमांची दारे भेटीला येणाऱ्यांसाठी बंद झाली, आणि त्याच काळात बाहेरच्या धडधाकट माणसांनीही बंद दाराआडचा सारखा सारखा दिवस थोडाफार अनुभवला. तो अनुभव समाजाने फार लवकर मागे टाकला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने 2025 च्या अहवालात जगातील सहांपैकी एक माणूस एकाकीपणाने ग्रासलेला असल्याचे आणि त्याचा संबंध दरवर्षी 8,71,000 मृत्यूंशी जोडता येत असल्याचे नमूद केले आहे. म्हणजे हा विषय हळव्या मनांपुरता नसून सार्वजनिक आरोग्याचाही आहे.

यावर करता येण्यासारखे पुष्कळ काही भंडाऱ्यात आधीपासूनच आहे. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांपुढील नागरिकांना राज्याच्या हद्दीत एसटीचा प्रवास विनामूल्य आहे आणि 65 ते 75 वयाच्यांना निम्मे भाडे पडते, त्यामुळे चालत्याफिरत्या म्हाताऱ्याला गावी आणण्यात तिकिटाची अडचण उरलेली नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा विदर्भातील गावोगावी आहेत आणि त्यांची सामुदायिक प्रार्थना सायंकाळी होते. ती आठवड्यातून एक दिवस आश्रमाच्या अंगणात होऊ शकते, आणि भजनाची सुरुवात तेथील एखाद्या जुन्या भजनीबुवाकडे सोपवता येते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे गावचा मेळा, भरते, दंडार आणि नाटके होतात, लेकी-जावई येतात. ज्या गावाचा माणूस आश्रमात आहे त्या गावाच्या मंडई समितीने त्याला रीतसर बोलावणे धाडावे, राहण्याची एका घरी सोय करावी आणि पहिल्या रांगेत खुर्ची द्यावी. पाण्याची पाळी लावताना ज्याला पूर्वी विचारले जात होते त्याला आजही फोन करून विचारता येते. ज्यांच्याजवळ फोन आहे पण बोलायला कोणी नाही, त्यांच्यासाठी 14567 ही ज्येष्ठांची राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे. परंतु गावातून येणाऱ्या हाकेची जागा तिने घ्यावी अशी अपेक्षा करणे योग्य नाही. येत्या मंडईच्या आधी प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गावची कोणती माणसे कोणत्या आश्रमात आहेत, याची यादी करावी आणि गावातील दोन माणसांनी ती घेऊन त्यांच्याकडे आमंत्रण द्यायला स्वतः जावे.