राबलेल्याची पूजा

खंडेनवमीला सातारा-सांगलीकडच्या घरांत विळे, खुरपी, कुऱ्हाडी धुऊन-पुसून मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि त्या दिवशी अवजाराला कामाला लावत नाहीत. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी ही कारखान्याची वसाहत वसली, तिथले लोखंडी नांगर गावोगाव गेले आणि या पूजेत बसले. आता पूजेला ट्रॅक्टरही असतो. म्हणजे नव्याशी या पूजेचे वैर नाही. तिची अट एवढीच, की अवजार राबलेले हवे. दुसऱ्या दिवशी दसरा. शोरूमच्या दारात कोऱ्या गाडीला झेंडूचा हार पडतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, आणि कर्जाचा पहिला हप्ता दिवाळीच्या तोंडावर येतो. दोन्ही दिवशी हळदकुंकू तेच, पण कोऱ्या गाडीने अजून आपल्यासाठी काहीच केलेले नाही. तिच्या पूजेत सुखरूपपणाची प्रार्थना आहे, आणि ती रास्तही आहे; कृतज्ञता मात्र तिच्यात नाही. कृतज्ञता मागे वळून पाहते, खरेदी पुढे पाहते. सणाचा सगळा भर मुहूर्ताच्या खरेदीवर गेला, की मागे पाहायला दिवसच उरत नाही.

सण म्हटला की खर्च आलाच, आणि त्या खर्चावर कुंभार, शिंपी, हलवाई जगतात, असे यावर कोणी म्हणेल. ते खरेच आहे. बैलांच्या सणाचे, बेंदराचेच पाहा. झूल, घुंगरू, गोंडे, शिंगांचा रंग, सगळे बाजारातूनच येते. पण ते चढते बैलाच्या अंगावर. त्याआधी खांदेमळणी होते : जू घासून निबर झालेला खांदा हळद-तेलाने चोळायचा, बोटांना घट्टे लागेपर्यंत. बेंदराला जू नाही, आणि पुरणपोळीचा घास बैलाला. त्यामुळे खर्च किती झाला यापेक्षा तो कोणाच्या अंगाला लागला, हे मला महत्त्वाचे वाटते. मिळालेले परत न देता एकट्याने भोगणाऱ्याला गीतेच्या तिसऱ्या अध्यायात चोर म्हटले आहे. तिथेही भोगाला मनाई नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. घरोघरच्या दावणी रिकाम्या झाल्या; मातीची बैलजोडी विकत आणून पुजायची, तर मग कृतज्ञ राहायचे कोणाशी? माझ्या मते, जो आज राबतो त्याच्याशी. कृष्णाकाठचा ऊस तोडायला दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून आणि इतर दुष्काळी तालुक्यांतून मजूर येतात, काही जण बैलगाड्या घेऊन. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो; मुकादमाची उचल फेडत ते सबंध हंगाम फडाजवळच्या झोपडीत, कोपीत काढतात. याच दिवसांत अनेक कारखान्यांची सवलतीची साखर सभासदांच्या घरी पोचते आणि फराळ होतो.

मजुरी दिली, हिशेब मिटला, मग आभार कसले, असे कोणी विचारील. पण बैलही फुकट आलेला नव्हता. खरसुंडीच्या बाजारात खिलार जोडीची किंमत रोख मोजावी लागे, वर्षभर वैरण घालावी लागे. पै न् पै चुकती करूनही शेतकरी त्याचा खांदा मळायला बसत होता. पैसे दिल्याने देणे फिटते, असे बेंदूर पाळणाऱ्या माणसाने कधी मानले नाही. मग तेवढीच कसोटी कोयत्याला लावायला नकार देण्याचे काय कारण उरते? निदान ज्या दिवाळीत आपल्या घरी साखरेची पोती उतरतात, त्या दिवाळीत फडावर सुट्टी असावी आणि कोपीतही फराळ पोचावा, एवढे तर सभासद आपल्या कारखान्याकडे मागू शकतात.