उभी राहणार असशील तर

लातूर,
७ नोव्हेंबर २०२५

चि. ताई,

परवा फोनवर बोलता बोलता तू विचारलंस, ‘मामा, आमच्या प्रभागात बाईची जागा सुटलीय. गल्लीतले लोक म्हणायलेत, तू उभी राहा. काय करू?’ घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र तुझ्या भावाच्या हाती देतोय. माझी सगळी नोकरी नगर परिषदांच्या कचेऱ्यांत गेली. नगरसेवक निवडून येताना पाहिले, पडतानाही पाहिले. सभेच्या हजेरीपटावर त्यांच्या सह्या मीच घेत असे. त्यातून जे उमगलं ते सांगतो.

उभी राहा, असंच माझं मत आहे. मात्र कशासाठी उभी राहतेस, हे अर्ज भरण्याआधी स्वतःला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ‘लोकांची सेवा’ हे उत्तर मला चालणार नाही. ते प्रत्येक बॅनरवर छापलेलं असतं.

यंदा गावोगाव उमेदवारांची एवढी गर्दी का, याचा आधी विचार कर. तुमच्याकडे बिलोलीला मागचं मतदान झालं डिसेंबर २०१६ मध्ये. पाच वर्षांची मुदत सरली आणि ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात अडकला. राज्यातल्या बहुतेक नगर परिषदांवर प्रशासक आले. सर्वोच्च न्यायालयानं ६ मे २०२५ रोजी निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तेव्हा कुठं गाडं हललं. आता २४६ नगर परिषदा आणि ४२ नगरपंचायतींसाठी २ डिसेंबरला मतदान आहे. म्हणजे जवळजवळ चार वर्षं महाराष्ट्रातल्या बहुतेक छोट्या शहरांना नगरसेवकच नव्हता.

प्रशासक वाईट असतो असं मी म्हणणार नाही. त्यांच्या हाताखाली मी काम केलंय, त्यातले काही रात्री उशिरापर्यंत फायली घेऊन बसायचे. पण प्रशासक म्हणजे एकटा अधिकारी, आणि बहुतेक वेळा त्याच्याकडे दुसऱ्या पदाचाही भार. ठराव मांडणारा तोच, मंजूर करणाराही तोच. सभा नाही, म्हणून प्रश्न विचारणारं कोणी नाही. घरपट्टी वाढली तर माणूस नोटीस हातात धरून एकटाच सुनावणीला उभा राहतो, त्याच्या बाजूनं बोलायला शेजारी कोणी नसतं. रात्री नळ फुटला तर दार कोणाचं वाजवायचं? नगरसेवक शिव्या खाण्यापुरता का होईना, गल्लीत राहतो. तो नसला की काय होतं ते लोकांनी या चार वर्षांत अंगावर सोसलंय. यंदा अर्ज भरणाऱ्यांत याच कारणानं पुढं आलेले बरेच आहेत, आणि माझ्या मते ते कारण अस्सल आहे.

सगळ्यांचीच कारणं तशी नसतात, हेही तुला ठाऊक असू दे. कोणाला नालीचं कंत्राट दिसतं, कोणाला आपल्या प्लॉटपर्यंत रस्ता हवा असतो. कोणी भावकीतल्या जुन्या भांडणापायी उभा राहतो. कोणाच्या समाजातला माणूस आजवर त्या सभागृहात बसलेलाच नसतो आणि एकदा तरी बसावा असं त्याला वाटतं. या शेवटच्या कारणाला कोणी हसलं तर तू हसू नकोस. ज्याच्या वस्तीत नाली सगळ्यात शेवटी पोचते, त्याला तिथं आपला माणूस असावा असं वाटणं रास्तच आहे.

आता एका गावची गोष्ट सांगतो, गावाचं नाव राहू दे. तिथं एक बाई राखीव जागेवरून निवडून आल्या होत्या. अक्षरं जुळवून जुळवून वाचायच्या. सभेत शेवटच्या रांगेत पदर सावरून बसत. एका सर्वसाधारण सभेत विद्युत पंपांच्या दुरुस्तीच्या बिलांचा विषय आला. पीठासनावरून वाचून झाला आणि चार-पाच जण नेहमीप्रमाणे ‘मंजूर, मंजूर’ म्हणाले. इतक्यात मागून बाईंचा हात वर आला. ‘सायेब, ह्यो आमच्या मारुतीच्या पारापाशीचा बोअर हाय ना? त्याची मोटर उन्हाळ्यात एकदाच काढली व्हती. मी घागर घेऊन समोरच उभी व्हते. हितं तीनदा काढल्याचं लिवलंय.’

सभागृह गप्प झालं. अभियंत्यानं मोजमाप वही मागवली, पानं चाळली, पुन्हा चाळली. शेवटी त्या बोअरची दोन बिलं बाजूला काढून विषय पुढच्या सभेवर ढकलावा लागला. इतिवृत्तात त्या प्रश्नाची ओळ मी माझ्या हातानं लिहिली. पुढं त्या कचेरीत बाईंच्या प्रभागाचं बिल सभेपुढं ठेवायचं म्हटलं, की आधी कोणीतरी जागेवर जाऊन बघून येऊ लागलं.

ताई, स्थानिक उमेदवार कशाला हवा, याचं माझ्याकडचं उत्तर ही बाई आहे. कागदावर मोटर तीनदा निघते. ती एकदाच निघाली हे त्या बोअरवर रोज पाणी भरणाऱ्यालाच ठाऊक असतं. लेखापरीक्षक वर्ष-दोन वर्षांनी येतो आणि त्याच्या हाती कागदच पडतो. मुख्याधिकाऱ्याची बदली होते. डोळ्यांनी पाहिलेलं सभेत उठून सांगायला त्या गल्लीतलंच माणूस लागतं, आणि सांगायची हिंमतही लागते. तुझ्या प्रभागातले किती दिवे बंद आहेत, कोणत्या कोपऱ्यावर घंटागाडी थांबत नाही, कोणत्या अंगणवाडीपुढं पावसाचं पाणी साचतं, हे तू न बघता सांगू शकतेस. उभं राहायला एवढी पात्रता मला पुरेशी वाटते.

तू म्हणशील, एकट्या सदस्याचं ऐकतं कोण? जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, तेही सरकारनं नेमलेले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून त्याच्या स्वागतावर हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला. बत्तीस सदस्यांत विरोध करणारे एकटे जोतीराव. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडं वळवा, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रस्ताव मंजूर झाला. पण आज त्या सभेतल्या बाकीच्या एकतीस जणांची नावं कोणी घेत नाही. नोंदवून केलेला विरोध टिकतो. म्हणून कधी विरोध करायची वेळ आली तर नुसती आरडाओरड करू नकोस. ‘माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा’ असं स्पष्ट म्हण, आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना तो खरंच लिहिलाय का ते बघ.

आपल्याकडच्या माणसाला सभेचं मोल जास्त कळायला हवं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. गश्ती निशाण ५३ म्हणून एक हुकूम होता, त्यापायी साधी सभा भरवायची तरी परवानगी काढावी लागे. चार माणसं एकत्र बसून कारभाराबद्दल बोलणार, एवढ्यावर पहारा! तुझ्या आजोबांच्या पिढीनं ते भोगलं. म्हणून सभेत सही करून चहा पिऊन निघून जाणारा नगरसेवक पाहिला की मला फार वाईट वाटतं.

अलीकडचंही एक सांगतो. २०१८ साली धर्माबाद-बिलोली भागातल्या काही गावांनी ‘आम्हाला तेलंगणात घाला’ अशी मागणी केली होती. पलीकडं बोधन-निजामाबादला सोयरीक, बाजार, येणं-जाणं. तिकडच्या योजना दिसतात आणि माणूस तुलना करतो. त्यांच्या रागात खोटं काही नव्हतं. पण सगळ्यांना सरहद्द ओलांडता येत नाही. ज्यांना इथंच राहायचंय त्यांच्यातल्या कोणीतरी सभागृहात शिरलंच पाहिजे.

आता कायद्याचं. हे कोणी सांगत नाही आणि मग निवडून आलेलं माणूस घरी बसतं. नगर परिषदेचा कायदा १९६५ चा आहे, त्याचं मराठी पुस्तक विकत घे. कलम १६ आणि ४४ आधी वाच. नगर परिषदेच्या कामात सदस्याचा पैशाचा हितसंबंध निघाला तर पद जातं. जावईबापूंचं हार्डवेअरचं दुकान आहे. उद्यापासून तिथून नगर परिषदेला पाइपचा तुकडासुद्धा जाता कामा नये. थेट नाही आणि कंत्राटदाराच्या नावानंही नाही. सदस्यानं किंवा त्याच्या जोडीदारानं केलेलं बेकायदा बांधकामही पदावर येतं. दुकानापुढं पत्र्याचं शेड वाढवलंय ना? परवानगी नसेल तर अर्ज भरण्याआधी स्वतः काढून टाका. विरोधक आधी तिथंच बोट ठेवतील, आणि अतिक्रमणावर बोलायचं तुझं तोंड बंद होईल.

जावईबापूंशी आणखी एक बोलून घे, माझं नाव सांगून बोल. २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तरी कितीतरी ठिकाणी बाईचं नाव मतपत्रिकेवर आणि कारभार नवऱ्याच्या खिशात, हे मी उभ्या नोकरीत पाहिलं. फोन त्यानं घ्यायचा, ठरावाच्या कोऱ्या कागदावर तिची सही आणायची. चौकशी लागली की नोटीस मात्र तिच्या नावानं येते. प्रभागात तुझा नंबर दे, स्वतः उचल. विषयपत्रिका घरी आली की स्वतः वाच, न कळलेल्या विषयाखाली रेघ मार आणि सभेआधी कचेरीत जाऊन फाईल मागून बघ. कारकून आधी कुरकुर करतील, पण फाईल बघणाऱ्या सदस्याला मनातून मान देतात. हे मी कारकून होतो म्हणून सांगतो.

पैशाचं विचारलं नाहीस, पण घरात तोच विषय चालू असणार. क वर्गाच्या नगर परिषदेत नगरसेवकपदाच्या उमेदवाराला अडीच लाखांची मर्यादा आहे, नगराध्यक्षपदाला साडेसात लाखांची. तुझ्या गल्ल्या पायी फिरून होतात, तुला अडीच लाखही लागणार नाहीत. दागिने गहाण टाकू नकोस, कोणाकडून ‘नंतर बघू’ म्हणून दिलेली रक्कम घेऊ नकोस. देणारा नंतर खरंच बघतो: टेंडर उघडताना, लेआउट मंजूर करताना, दुकानाच्या गाळ्यांचा लिलाव करताना. मटणाच्या पंगती आणि पाकिटं वाटून निवडून आलेला माणूस पहिली दोन वर्षं वसुलीतच असतो. तुझ्यासमोर कोणी पाकिटं वाटली आणि तू पडलीस, तर पडू दे. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब मात्र द्यायचाच, हरलेल्यांनीही.

पक्षाचं तिकीट घ्यावं की आघाडीतून की अपक्ष, यावर माझं ठाम म्हणणं नाही. एवढं लक्षात ठेव की १९८६ चा पक्षांतरबंदीचा कायदा नगर परिषदेलाही लागू आहे आणि स्थानिक आघाडीलाही. ज्यांचा व्हिप पाळावा लागेल त्यांच्याशी आजच बोल: ‘माझ्या प्रभागाच्या विरोधात हात वर करायला सांगणार नाही ना?’ उत्तर टाळलं तर तिथं जाऊ नकोस. शिवाय प्रभाग साधारणपणे दोन सदस्यांचा असतो. अशा प्रभागात मतदाराला दोन मतं नगरसेवकांची आणि एक नगराध्यक्षाचं. जोडीचा उमेदवार कोण, त्याचं नाव कसं आहे, हे बघूनच हात मिळव.

प्रचारात मोठं आश्वासन देऊ नकोस. नगर परिषदेची स्वतःची कमाई म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी. १९९९ साली जकात गेली, तेव्हापासून पगारसुद्धा शासनाच्या सहाय्यक अनुदानावर. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला. अशा तिजोरीच्या भरवशावर विमानतळाची भाषा करणाऱ्याला लोक आता ओळखतात. तू तीन कामं सांग, ती प्रभागातलीच असू देत, आणि किती दिवसांत होतील ते सांग. मशिदीकडच्या गल्लीत उर्दूत बोलावं लागलं तर मोडकं का होईना बोल. तेलुगू तुला येतंच. प्रत्येक उंबऱ्यावर आधी ऐक, वहीत लिहून घे. ती वही निवडून आल्यावरही जवळ ठेव.

हरलीस तर? सर्वसाधारण सभा लोकांना खुली असते. जाऊन बस. ठरावांच्या प्रती माहितीच्या अधिकारात माग. पाच वर्षं असं केलंस तर पुढच्या वेळी तुला कोणाला ओळख सांगावी लागणार नाही, आणि तोवर प्रभागाचं कामही थोडंफार होत राहील.

अर्ज सोमवारी १० तारखेपासून आहेत, शेवटचा दिवस १७. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नकोस. संकेतस्थळावर गर्दी होते आणि एखादा दाखला राहून जातो. आधी घरपट्टी-पाणीपट्टी भरून थकबाकी नसल्याचा दाखला घे, शौचालयाचा दाखला घे, मालमत्ता आणि गुन्ह्यांचं शपथपत्र वकिलाकडून नीट वाचून घे, खर्चासाठी बँकेत वेगळं खातं उघड. आणि ते एक वाक्य, कशासाठी उभी राहतेस ते, कागदावर लिहून मला पाठव. ते वाचून मी बिलोलीला येतो. घरोघर तुझ्याबरोबर फिरायला मला आवडेल.

तुझा,
मामा