धैर्य आणि दांपत्य

धैर्य एकाचें असतें. परंतु विवाहितांच्या घरीं त्याचें मोल बहुधा दोघांना द्यावें लागतें. अमेरिकन लेखक हेमिंग्वे यांच्या १९३६ सालच्या एका प्रसिद्ध कथेंत फ्रान्सिस मॅकोंबर सिंहाला भिऊन पळतो, आणि पत्नी त्याचा उघड तिरस्कार करते. दुसऱ्या दिवशीं रानरेड्यांच्या शिकारींत त्याची भीति नाहींशी होते. तेव्हां पत्नीच भयभीत होते, आणि तिच्याच गोळीनें तो मरतो. पतीच्या भीतीवर तिची सत्ता उभी होती. भीति जातांच तें घर कोसळलें.

वाचकहो, आपल्या सालेकशावरून जाणाऱ्या नागपूर-राजनांदगांव लोहमार्गाशीं दुसऱ्या एका दांपत्याची हकीकत निगडित आहे. १८९३ सालीं ह्याच मार्गावर आगगाडींत एका अनोळखी युरोपियन गृहस्थानें नारायण वामन टिळकांना नवा करार वाचावयास दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंची त्यास संमति नव्हती. लहानग्या दत्तूसह त्या कित्येक वर्षें पतीपासून वेगळ्या राहिल्या; तें दुःख त्यांच्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या ग्रंथांत आहे.

मग लक्ष्मीबाई भित्र्या होत्या काय? मुळींच नाहीं. मन ग्वाही देत नसतां केवळ पति गेला म्हणून त्याच्या मागें न जाणें, हेंही धैर्यच होय. पुढें त्या पतीकडे आल्या, आणि १९०० सालीं स्वतःच्या खातरीनें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

ज्यानें पाऊल आधीं टाकलें, त्यानें मागें राहिलेल्यास भ्याड म्हणूं नये. आपल्या धैर्याचें दुःख घरांत कोण सोशीत आहे, तें पाहावें, आणि थांबावें.