काहीच न मागणारं झाड

माझं पहिलं सक्युलंट मी वाकडमधल्या रस्त्याकडेच्या एका नर्सरीतून दीडशे रुपयांना घेतलं. नर्सरीवाले काका म्हणाले, "पाणी घालायला विसरलात तरी चालतंय. काही मागत नाही हे." मला नेमकं हेच हवं होतं. आमच्या फ्लॅटवर आम्ही तिघं, आणि तिघांनी मिळून मनीप्लांटसुद्धा मारून दाखवला होता.

ते एचेवेरिया होतं. दगडी कमळासारखं, राखी-हिरवं, पाकळ्यांच्या टोकाला किंचित गुलाबी. पांढऱ्या सिरॅमिकच्या वाटीत लावून, वर पांढरे खडे पसरून मी ते मॉनिटरशेजारी ठेवलं. व्हिडिओ कॉलवर मागे छान दिसायचं. मग नाद लागला. काचेचे बाऊल आले, भिंतीवर लाकडी फळी आली, एक लाल डोक्याचा कॅक्टस आला. (त्या लाल गोळ्यात हरितद्रव्यच नसतं, हे मला नंतर कळलं. तो स्वतःचं अन्न बनवू शकत नाही, म्हणून खालच्या हिरव्या खोडावर त्याचं कलम करतात. राबतं खालचं, फोटो वरच्याचा. आमच्या टीममध्येही असं एक कलम आहे, पण ते जाऊ द्या.)

चार महिन्यांत एचेवेरिया दुपटीनं उंच झालं. मी खूश. रोज शेजारी बसून वाढलंय म्हणजे आपला हात बरा आहे, असं वाटलं. कौतुकानं काकांना फोटो दाखवला. त्यांनी झूम करून पाहिला आणि म्हणाले, "हे वाढत नाहीये, उजेड शोधतंय."

एचेवेरिया मूळचं मुख्यतः मेक्सिकोचं. खडकाळ उतारांवर, भरपूर उन्हात वाढणारं. तिथे ते जमिनीला चिकटून, घट्ट मिटलेलं असतं. उजेड कमी पडला की खोड ताणतं, पानं एकमेकांपासून लांब जातात, खाली झुकतात, रंग उडतो. मी फोनवरच्या ॲपनं मोजून पाहिलं, तर माझ्या डेस्कवर तीनशेच्या आसपास लक्स. भर दुपारच्या थेट उन्हात हाच आकडा एक लाखाच्या घरात जातो. म्हणजे ज्याला मी चार महिने प्रगती समजत होतो, ती त्या झाडाची उपासमार होती. आणि ते दिसायला वाईट दिसत नव्हतं, हीच तर गंमत.

मग मी सवयीप्रमाणे रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. सक्युलंटची पानं दिवसा आपली छिद्रं मिटून घेतात, कारण उघडली तर पाणी उडून जाईल. ती रात्री उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, आम्लाच्या रूपात साठवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद दाराआड तो वापरतात. इथपर्यंत नुसतं कौतुकच वाटतं. पण दुष्काळ फारच लांबला तर यातली काही झाडं रात्रीही दार उघडत नाहीत. स्वतःच्या श्वासातून सुटलेला कार्बन डायऑक्साइडच पुन्हा पुन्हा फिरवत राहतात. शास्त्रज्ञ याला 'आयडलिंग' म्हणतात, सिग्नलला गाडी चालू ठेवून उभं राहावं तसं. वाढ नाही, मरण नाही. बाहेरून बघणाऱ्याला सगळं ठीक.

हे वाचताना मला गावाकडच्या चौकटीवरची कोरफड आठवली. दृष्ट लागू नये म्हणून आजी मुळासकट उलटी टांगायची. माती नाही, पाणी नाही, तरी महिनोन्‌महिने हिरवी. येणारा-जाणारा म्हणायचा, काय चिवट आहे बघा. एकदा दिवाळीत रंग द्यायचा म्हणून मी ती खाली काढली, तर हातात जवळजवळ वजनच लागलं नाही. पानं आतून पार चपटी झाली होती. ती हवेवर जगत नव्हती. आधी साठवलेलं पाणी पुरवून पुरवून वापरत होती, म्हणजे स्वतःलाच खात होती. आणि तिचं ते टिकणं घराला शुभ होतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तो झाडांचा नाही.

आमच्या टीममध्ये एक मुलगा होता. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, लातूरकडचा, घरून काम करायचा. कधी सुट्टीवरून वाद नाही, कधी 'हे मला का दिलं' नाही. अमेरिकेतल्या क्लायंटसाठी रात्रीचा सपोर्ट लागला तेव्हा मी दोन आठवड्यांसाठी त्याचं नाव टाकलं. दोन आठवड्यांचे सात महिने झाले. यादी बदलायचं काम माझंच होतं. बाकीचे कुरकुरत, म्हणून त्यांच्या पाळ्या हलायच्या. तो कुरकुरला नाही, म्हणून त्याची हलली नाही. वर्षाअखेरीच्या अप्रेझलमध्ये मी त्याच्यासाठी मनापासून लिहिलं होतं की याच्यामागे लागावं लागत नाही, अगदी लो मेंटेनन्स. मला ती स्तुती वाटत होती.

त्यानं राजीनामा दिला तेव्हा मी फोन केला. झोपेच्या गोळ्या चालू होत्या, वजन अकरा किलो उतरलं होतं. मी म्हणालो, "अरे, सांगायचं ना." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं, सगळ्यांचं असंच असतं."

माझ्या व्यवसायात या चुकीसाठी पहिल्याच वर्षी कान धरतात. सर्व्हरकडून अलर्ट येत नाही, याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे सगळं सुरळीत आहे, दुसरा म्हणजे अलर्ट पाठवणारी यंत्रणाच मेली आहे. म्हणून आपण शांततेवर विश्वास ठेवत नाही. दर मिनिटाला विचारतो, आहेस का? मशीनच्या बाबतीत हे मला झोपेतही कळतं. माणसाच्या बाबतीत मात्र शांततेचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला.

यावर एक रास्त आक्षेप आहे, आणि माझ्या रूममेटनं तो लगेच घेतला. तो म्हणाला, झाडाला तोंड नाही, माणसाला आहे. पंचवीस वर्षांचा कमावता मुलगा बोलत नसेल तर ती जबाबदारी त्याची. सगळ्यांची मनं वाचत बसायचं का?

मला हे निम्मं पटतं. कुणी न मागितलेल्या प्रत्येक गोष्टीचं देणं माझ्यावर असेल तर मी उद्यापासून श्वासही घेऊ शकणार नाही. पण मागणं सगळ्यांना सारख्याच किमतीला पडत नाही. मी मोठ्या आवाजाच्या घरात वाढलो, जेवताना पोळी ओरडून मागायचो. ज्याच्या घरी मागितल्यावर आई-बापाचा चेहरा उतरायचा, तो मुलगा न मागायला लवकर शिकतो आणि पुढे तोच त्याचा स्वभाव म्हणून ओळखला जातो. शिवाय या प्रकरणात माझा फायदा होता. त्याच्या न बोलण्यामुळे माझी यादी सोपी होत होती. ज्याच्या गप्प राहण्यावर आपलं काम चालतं, त्याला जाऊन विचारणं हे मन वाचणं नाही. तो साधा हिशेब आहे, मला वाटतं.

तरी विचारायचं म्हणजे काय, हे मला चटकन जमलं नाही. अपराधी वाटू लागल्यावर मी दोन गोष्टी केल्या. नव्यानं आलेल्या मुलीला रोज संध्याकाळी फोन लावायला लागलो, बरी आहेस ना, झेपतंय ना. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "दादा, रोज नको ना. काही चुकतंय का माझं?" आणि घरी मी सगळ्या कुंड्यांना नेमानं पाणी घालू लागलो. पांढऱ्या वाट्यांना खाली भोकच नव्हतं. दोन झाडं बुंध्याशी काळी पडून लगदा झाली. काका म्हणाले, तहानेनं मेलेलं सक्युलंट क्वचित बघतो, लाडानं मेलेली रोज येतात.

कमी पडत होता उजेड आणि मी देत होतो पाणी. पाणी देणं सोपं होतं, बसल्या जागी होत होतं. उजेडासाठी कुंडी उचलून खिडकीत न्यावी लागते, खिडकीतला वॉशिंग मशीनचा पसारा हलवावा लागतो. त्या मुलालाही 'कसा आहेस' हा मेसेज नको होता. यादीतून नाव काढायला हवं होतं.

एचेवेरिया वाचलं. ताणलेलं खोड पुन्हा आखूड होत नाही, म्हणून काकांनी सांगितल्याप्रमाणे वरचं कमळ कापून काढलं, चार-पाच दिवस तसंच कोरडं ठेवून जखम सुकू दिली, मग वाळू आणि विटांच्या चुऱ्यात लावलं. एकदम कडक उन्हात ठेवलं तर पानं भाजतात, म्हणून दोन आठवडे थोडं थोडं सरकवत पूर्वेच्या खिडकीपर्यंत नेलं. खालचा खुंट मी फेकला नव्हता. त्याला बाजूनं तीन फुटवे आलेत. डेस्कवर आता काही नाही, व्हिडिओ कॉलवर मागे भिंत दिसते.

यंदाचे अप्रेझलचे फॉर्म परवा भरून द्यायचे आहेत. त्या नव्या मुलीच्या नावापुढे 'स्वतंत्रपणे काम करते का' हा रकाना आहे. गेल्या दोन महिन्यांत तिनं माझ्याकडे एकही गोष्ट मागितलेली नाही. रकाना रिकामा ठेवलाय. उद्या ती ऑफिसला येणार आहे, तेव्हा रात्रीच्या सपोर्टची यादी घेऊन तिच्यासोबत बसतो.